नदीचं बोलण्याआधी धुण्याला जागा द्या

महोदय,

वारी जवळ आली की ‘वारकऱ्यांनी नदीत कपडे धुऊ नयेत’ असं कुणीतरी लिहितंच. यंदाही आपल्या पत्रसदरात ते आलं. सल्ला बरोबर आहे. पण तो देणाऱ्यांनी एकदा माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत यावं आणि ओलं लुगडं कुठं वाळत घालायचं ते दाखवावं.

मी कराडकडची, शिवणकाम करते. आमच्या दिंडीत बायाच जास्त आणि त्यातल्या म्हाताऱ्या सुती नऊवारीवाल्या. आठेक मीटर सुती कापड भिजलं की एकटीला पिळवत नाही, दोघी दोन टोकांना लागतात. पुण्यात आणि सासवडला पालखी दोन-दोन रात्री थांबते, तिथं धुणं उरकतं. पुण्यात तर लोक घरची न्हाणीघरंसुद्धा मोकळी करून देतात. पंचाईत होते जेजुरी सोडल्यावर. संध्याकाळी मुक्कामाला पोचायचं, टँकरपुढं रांग लावायची, धुतलेलं रात्रीत वाळत नाही आणि अंधारातच तंबू मोडतात. मग ओला पिळा पिशवीत, पिशवी ट्रकात. दुपारच्या विसाव्याला ऊन पडलं तर बांधावर पसरायचं, नाहीतर ट्रकच्या दोरीवर. ट्रकवर वाळलेलं कापड रस्त्याची एवढी धूळ खातं की धुतलं कशाला असं वाटतं.

लुगडं निदान उघड्यावर टाकता येतं. परकर आणि आतले कपडे बाया लुगड्याच्या आड घालतात. तिथं ना ऊन ना वारं. दमट ते दमटच अंगावर चढतात आणि फलटण येईतो कमरेला नाडीखाली गजकर्ण उठतं, मांड्या सोलवटतात. पाळीच्या घड्यांचे हाल तर विचारू नका. आता ठिकठिकाणी नॅपकिन वाटतात, तेवढं चांगलं झालं. आमच्यातल्या बायांना मी वारीआधी परकराची बारीक नाडी काढून रुंद पट्टी लावून देते, कमर काचत नाही. मिश्र धाग्याचं पातळ लवकर वाळतं, पण घामाचा वास धरतं. माझं मत विचाराल तर वरचं मिश्र चालेल, आतलं सुतीच हवं. आणि पिळून झाल्यावर कपडा कोरड्या पंचात गुंडाळून वर पाय देऊन उभं राहायचं. बरंच पाणी पंचा ओढून घेतो.

आता नदी. नीरेत पादुकांचं स्नान झालं की काठावर साबणाच्या वड्याही निघतात, हे मी डोळ्यांनी बघते. ते थांबायला हवं, यात वाद नाही. (आळंदीला इंद्रायणीवर फेस दिसतो त्याचं खापर मात्र आमच्यावर नको. वारी नसतानाही तो असतो, सांडपाणी आणि कारखान्यांकडं बघा.) ‘रिठा वापरा’ हाही उपाय नव्हे, रिठ्याचा फेस माशांना विषच. साबण कुठलाही असो, पाणी बादलीत घ्यावं आणि धुण्याचं पाणी काठापासून लांब मातीत ओतावं. आमच्या दिंडीत आम्ही तसंच करतो, पण एका मुक्कामाला अशा किती दिंड्या उतरतात! सगळ्यांनी तंबूशेजारी पाणी ओतलं तर झोपायच्या जागेचा चिखल होतो, म्हणून माणसं पुन्हा नदीकडं वळतात.

वारीत फिरती शौचालयं येतील असं पूर्वी कुणी म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो. ती आली, लोक वापरतातही. तशीच मुक्कामाच्या गावांत टँकरशेजारी धुण्यासाठी फरशी टाकावी आणि तिचं पाणी शोषखड्ड्यात सोडावं. लोणंद, तरडगाव, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव ही गावं दरवर्षीची ठरलेली, मुक्कामाची तारीख आधी जाहीर होते, मग अडचण कसली? बायांच्या कपड्यांसाठी वर पत्रा आणि बाजूंनी कनात असलेली वेगळी जागा द्यावी. कनात वरून हातभर मोकळी सोडावी, म्हणजे वारं खेळेल. आत दोऱ्या बांधाव्यात, पण लोखंडी तार नको. पावसात ती गंजते आणि सुती कापडावर पडलेला गंजाचा डाग साध्या साबणानं जात नाही. नायलॉनची दोरी चालेल.

— एक वारकरी, कराड