आधी फॉर्मॅलिन, मग संशोधन

मा. संपादक,

पोट-आतड्याच्या कर्करोगावर उपचारही करायचे आणि संशोधनही, ही वाट लांबची. इंटर्नशिपसह एमबीबीएस साडेपाच वर्षे, एमडी तीन, डीएम (एमडीनंतरची अतिविशेष पदवी) आणखी तीन, पीएचडी वेगळीच. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकच्या म्हसरूळलाच आहे. त्याने या वाटेवरच्या मुलांना प्रयोगशाळेसाठी राखीव वेळ मिळवून द्यावा. ओपीडी आटोपून रात्री होते ते संशोधन नव्हे, उरकणे.

पण खरी गफलत त्याआधीच, ऑपरेशन थिएटरच्या दाराशी होते. काढलेले आतडे फॉर्मॅलिनविना (नमुना सडू न देणारे द्रावण) ट्रेमध्ये पडून राहते, नाहीतर लहान बरणीत कोंबले जाते. द्रावण आत पोचत नाही, पेशी सडतात, डीएनए तुटतो आणि पुढची जनुकीय चाचणी फसते. नमुना लगेच १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, तेही नमुन्याच्या दहापट द्रावणात, ठेवायला हवा. बंद आतडे कुठे उघडायचे ते पॅथॉलॉजिस्टला (नमुना तपासणाऱ्या डॉक्टरला) विचारून. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात किमान १२ लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) तपासल्या नाहीत, तर स्टेजही, म्हणजे आजार किती पसरला तेही, भरवशाची नाही.

आणि हो, लेबलवर नमुना काढल्याची वेळ पेन्सिलीने लिहा. फॉर्मॅलिन सांडले की पेनाची शाई फुटते.

— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक