तो फोटो पुसू नकोस

लाडक्या लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वाफेच्या इंजिनाचे तुझे तीनही फोटो मिळाले. पहिल्या दोन फोटोंचं कौतुक सगळ्यांनी केलं असेलच, म्हणून मी तिसऱ्याबद्दलच लिहिते. "चाक खालून स्पष्ट आणि वरून पुसट आलंय, लेन्स बिघडलेली दिसते, हा पुसून टाकते," असं तू लिहिलंयस. पुसू नकोस गं. लेन्स ठणठणीत आहे.

रुळावरून फिरणाऱ्या चाकाचा जो भाग रुळाला टेकलेला असतो, तो त्या क्षणापुरता थांबलेला असतो आणि अगदी वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे धावत असतो. गाडी ताशी ४० किलोमीटरने जात असेल आणि शटर १/१२५ सेकंद उघडं असेल, तर तेवढ्यात गाडी साधारण ९ सेंटीमीटर सरकते, चाकाची वरची कड १८ सेंटीमीटर आणि रुळाला टेकलेली कड जवळजवळ जागच्या जागी. तुझ्या फोटोत नेमकं हेच उतरलंय. डोळ्यांना जे कधी दिसत नाही ते तुझ्या कॅमेऱ्याने पकडलं आणि तू त्याला बिघाड म्हणालीस! तोच फोटो परत उघड आणि खालचे आरे बघ, एकेक मोजता येतो.

दुसऱ्या फोटोतही एक गोष्ट तुझ्या नजरेतून निसटलीय. बॉयलरच्या माथ्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की जास्तीची वाफ सोडणारी झडप, सुटलाय, पांढरा लोट उठलाय. तो लोट व्हॉल्व्हच्या तोंडापासून सुरू होत नाही, मध्ये थोडी रिकामी जागा आहे. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत आहे. वाफ दिसतच नाही. हवेत येऊन थंड झाली, तिचे बारीक थेंब झाले, की मग आपल्याला पांढरं काहीतरी दिसतं. म्हणून गार पहाटे तेच इंजिन ढगांचे डोंगर उभे करतं आणि भर दुपारी उन्हात बोडकं दिसतं. पुढच्या वेळी थंडीत जा आणि उजाडायच्या आत पोच. गार पडलेल्या बॉयलरला तापायला कित्येक तास लागतात. घाई केली तर त्याचे पत्रे कमीजास्त फुगतात आणि सांध्यांवर ताण येतो, म्हणून माणसं रात्रीपासूनच विस्तवापाशी बसलेली असतात. गाडी सुटतानाच्या गर्दीत जे मिळत नाही ते या वेळात मिळतं.

मला हे फार उशिरा कळलं. आमच्या मार्गावरची वाफेची शेवटची गाडी सुटली त्या दिवशी माझ्याकडे एकच रोल होता, ३६ फोटोंचा. घरी येऊन निगेटिव्हच्या पट्ट्या उजेडात धरल्या, कात्री घेतली आणि इंजिनाचे सहा 'स्वच्छ' फोटो ठेवून बाकीच्या पट्ट्या टाकून दिल्या. काय टाकलं ते आजही एकेक आठवतं. एका फोटोत फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा, आडवा आला होता, मानेवरचा घाम फडक्याने पुसत. एकात ड्रायव्हर लांब चोचीची तेलाची कुपी घेऊन चाकांच्या दांड्यांमध्ये वाकला होता, चेहरा दिसतच नव्हता. एकात तर इंजिनच नव्हतं, सगळी वाफच वाफ. सिलिंडरमध्ये साठलेलं पाणी दाबलं जात नाही, ते आत राहिलं तर सिलिंडर फोडू शकतं. म्हणून निघताना ड्रायव्हर खालच्या तोट्या उघडतो आणि वाफेचे फवारे दोन्ही बाजूंना जोरात सुटतात. त्या पांढऱ्यातून फक्त एक हात बाहेर आला होता, रेग्युलेटरवर, म्हणजे सिलिंडरला वाफ सोडायच्या दांड्यावर नव्हे, खिडकीच्या कडेवर टेकलेला. तो फोटो मी स्वतःच्या हाताने कापला. उरलेले सहा फोटो बघितले की एखाद्या संग्रहालयात उभी असलेली यंत्रं बघतेय असं वाटतं. त्यांत कोणी काम करत नाही.

याच कारणासाठी मला ओ. विन्स्टन लिंक यांचे फोटो इतके जवळचे वाटतात. हा माणूस ब्रुकलिनचा, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर, पोटापाण्यासाठी जाहिरातींचे फोटो काढणारा. अमेरिकेतल्या नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेवरची वाफेची इंजिनं जाणार हे कळल्यावर १९५५ पासून पुढची पाच-सहा वर्षं तो स्वतःच्या हौसेने तिथे जात राहिला आणि बहुतेक फोटो त्याने रात्री काढले. तारांनी जोडलेले फ्लॅशबल्ब झाडाझुडपांत, खांबांवर लावायचे आणि गाडी आली की एकाच क्षणी पेटवायचे. काळ्या रात्रीवर पांढरी वाफ अशी उठते की दिवसा ती तशी कधी दिसणार नाही. पण मला खरी मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. १९५६ सालच्या व्हर्जिनियातल्या त्याच्या एका फोटोत मुलं ओढ्यात डुंबतायत आणि वरच्या पुलावरून गाडी चाललीय. गाडी मागे, माणसं पुढे. त्याने इंजिनांचे आवाजही ध्वनिमुद्रित केले.

आवाजावरून आठवलं. तू पहिला फोटो काढलास तेव्हा शिट्टी ऐकून बटण दाबलंस, असं लिहिलंयस. शिट्टी नको ऐकूस, भक्-भक् ऐक. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडतात. काम करून झालेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते आणि जाता जाता भट्टीतला धूर ओढून नेते, त्यामुळे भट्टीत नवी हवा शिरते. म्हणजे इंजिन जितकं जास्त ओढेल तितका विस्तव आपोआप जास्त फुलतो. १८२९ साली स्टीफन्सन यांच्या 'रॉकेट' नावाच्या इंजिनात हीच युक्ती होती, बॉयलरमधून गेलेल्या २५ तांब्याच्या नळ्यांच्या जोडीला. मला अजूनही ही माणसाला सुचलेल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. गाडी सुटताना ठोके सावकाश पडतात, प्रत्येक ठोक्याला धुराचा एक गोळा वर जातो. ठोका पडला की लगेच दाब, तो गोळा धुराड्याच्या तोंडाशीच मिळेल. आणि चाकांवरचा मोठा दांडा खाली आला असेल तो क्षण निवड, चाकं मोकळी दिसतात.

उजेडाचं एवढंच सांगते. काळं इंजिन आणि पांढरी वाफ एकाच चौकटीत आली की कॅमेरा गोंधळतो. वाफेतले बारकावे दिसतील असं एक्स्पोजर ठेव, अंधार नंतर थोडा उजळता येतो, पण जळून गेलेलं पांढरं परत येत नाही. सूर्य खाली असताना बाजूने घे, म्हणजे चाकांमागेही ऊन शिरतं. फोटोसाठीच चालवलेली गाडी असेल तर ती मागे जाऊन पुन्हा तीच चढण चढून येते. मग पहिल्या फेरीत फोटो काढायची घाई नको, फक्त ऐक. आणि रुळांच्या जवळ, आखून दिलेल्या रेषेच्या आत पाय टाकायचा नाही. व्ह्यूफाइंडरमधून गाडी लांब दिसते, ती तेवढी लांब नसते.

३ जुलै १९३८ ला इंग्लंडमध्ये मॅलार्ड नावाच्या इंजिनाने ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर, वेग गाठला. माणसाच्या उंचीहून मोठी तिची चाकं तेव्हा सेकंदाला जवळजवळ नऊ वेळा फिरत होती. इंजिनाचं नाव सगळ्यांना पाठ आहे. ड्रायव्हर होते जो डडिंग्टन आणि फायरमन टॉमी ब्रे. त्या वेगात डुलणाऱ्या फळीवर उभं राहून भट्टीच्या तोंडात नेमका कोळसा टाकत राहणं म्हणजे काय असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

तुझा तिसरा फोटो जरा मोठा करून बघितला. डाव्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या कॅबच्या दारात, फावड्याचा दांडा आणि एक कोपर दिसतंय. तो कोपरा कापूनही टाकू नकोस. मूळ फाइल जशी आहे तशी मला पाठव, मी छापून घेते. आणि पुढच्या महिन्यात जाशील तेव्हा त्या फायरमनला त्याचं नाव विचार. मला फोटोच्या मागे लिहायचंय.

तुझी,
आई