कामठी रोडच्या मिस्त्री काकांना, एका सहा सिलिंडरवाल्या पोट्ट्याकडून

काका, नमस्कार. हे तुम्ही स्वतः वाचणार नाही हे मला माहितीये, मोबाईलवर अक्षर बारीक दिसतं म्हणून नातवाला वाचायला लावाल आणि तो कंटाळून मधलं गाळेल, तेव्हा नातूसाहेब, प्लीज पूर्ण वाचा. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही "चहा पी अन् जा घरी" म्हणून विषय बंद करता, म्हणून शेवटी इथे सगळ्यांसमोर लिहून राहिलो. आता काय कराल.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. माझ्याकडे बीएमडब्ल्यूची जुनी ५२८आय आहे, ई२८ म्हणतात त्या मॉडेलला, १९८१ ला आलेलं. २७८८ सीसी, सरळ रांगेत सहा सिलिंडर, १८४ पीएस. आज एखादी साधी टर्बोवाली गाडी पण कागदावर एवढी पॉवर दाखवते, पण कागदावरची पॉवर आणि तिसऱ्या गिअरमधे ३००० आरपीएमच्या वर जो आवाज सुटतो त्यात फरक आहे राजेहो, तो लिहून सांगता येत नाही. मुंबईतून घेतली तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं. आई अजूनही काढते.

आता जुन्या इम्पोर्टेड गाड्यांचं आपल्याकडे काय होतं ते काकांच्या वयाच्या माणसाला सांगायची गरज नाही. एकेकाळी चांगल्या चांगल्या इम्पालांमधे मॅटाडोर व्हॅनचं डिझेल इंजिन बसवलेलं असायचं, पेट्रोल परवडत नाही म्हणून. मला पण हाच सल्ला मिळाला. इंजिनाच्या वरून टिकटिक आवाज येऊन राहिला होता, आयडल (उभ्या गाडीत इंजिनाचा वेग) वर-खाली होत होतं, आणि एका मोठ्या शहरातल्या मोठ्या वर्कशॉपने (नाव घेत नाही) बोनेट उघडून दोन मिनिटात सांगितलं की हेड (इंजिनाचा वरचा भाग) खोलावं लागेल, वाल्व उघडणारी कॅमशाफ्ट गेलेली आहे, पार्ट बाहेरून येतील, खर्चाचा आकडा ऐकून मी खालीच बसलो. वर म्हणे साहेब त्यापेक्षा एखादं चांगलं डिझेल टाकून घ्या, टेन्शन संपेल.

तेवढ्यात एका ट्रान्सपोर्टवाल्या मित्राने तुमचं नाव सांगितलं. मला पटलं नव्हतं खरं सांगू का, कारण नागपूरच्या ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे ज्या शेडमधे आलो तिथे बाहेर तीन ट्रक उभे, एकाचं इंजिन खाली काढलेलं, आणि तुम्ही त्याच्या बाजूला उकिडवे बसून तंबाखूचा खर्रा घोटून राहिले होते. मी म्हटलं काका बीएमडब्ल्यू आहे. तुम्ही वर पण पाहिलं नाही, म्हणाले, "किती सिलिंडर?" सहा म्हटल्यावर उठलात.

मग तुम्ही जे केलं त्यासाठीच मुख्य हे पत्र आहे. तुम्ही गाडी चालू करून लांब पेचकस कानाला लावला, टोक एकेका सिलिंडरच्या वर टेकवत पुढून मागे गेलात, परत मागून पुढे आलात, गाडी बंद केली आणि म्हणाले, "हेड काहून खोलतं पोट्ट्या, आधी वरचं झाकण तं उघडून पाय." वाल्व कव्हर काढलं. आत कॅमच्या वरून एक बारीक ऑइलची नळी जाते, तिला भोकं असतात, त्यातून कॅमच्या प्रत्येक लोबवर (वाल्व उघडणाऱ्या उंचवट्यावर) तेल पडतं. ही नळी पोकळ बोल्टवर बसलेली असते, बॅन्जो बोल्ट. तुम्ही बोटाने धरून फिरवला तर तो फिरला. हाताने! म्हणजे तेल लोबपर्यंत जायच्या ऐवजी बोल्टच्या बुडातूनच गळत होतं आणि कॅम अर्धी कोरडी चालत होती. माझ्या गाडीतल्या या एम३० इंजिनची ही जगभरातली ओळखीची खोड आहे हे मी नंतर वाचलं, तुम्ही न वाचताच पकडलं. मग टॉर्च लावून एकेका लोबवरून नख फिरवलं, "खरचटली हाये, खाल्ली नाय, चालते" म्हणालात. नवीन वायसर टाकले, बोल्ट बेताने कसला कारण पोकळ बोल्ट जोर लावला की तुटतो. संपलं. ज्या कामासाठी मला कर्ज काढायला लावत होते ते काम मूठभर वायसरचं निघालं.

वाल्व सेटिंगचा किस्सा तर मी सगळ्यांना सांगत असतो. या इंजिनात टॅपेट (वाल्ववरची बारीक फट) हाताने सेट करावे लागतात, ०.३० मिमी, आणि कंपनीची अट अशी की इंजिन गार पाहिजे, ३५ डिग्रीच्या खाली. आता नागपुरात मे महिन्यात ३५ च्या खाली काय असतं सांगा? गाडी रात्रभर उभी ठेवली तरी शेडच्या पत्र्याखाली सगळं तापलेलं. तुम्ही म्हणाले पहाटे ये. पहाटे आलो तर तुम्ही आधीच हजर, हात इंजिनवर ठेवून पाहात होते, जसं आजी तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवते तसं. "लाग कामाले, सूर्य निंगाला की संपलं."

आणि मग ते शटरवर खडूने लिहिलं. वर १ ५ ३, खाली ६ २ ४. मी कितीतरी पुस्तकं, व्हिडिओ चाळले होते सहा सिलिंडरच्या फायरिंग ऑर्डरवर (कोणता सिलिंडर कोणानंतर पेटतो), १-५-३-६-२-४ पाठ होतं, पण असं मधून मोडून एकाखाली एक लिहिलं की जोड्या आपोआप समोर येतात हे कुणी दाखवलं नव्हतं. १ च्या खाली ६, ५ च्या खाली २, ३ च्या खाली ४. सहाचे दोन्ही वाल्व ओव्हरलॅपला (एकाच वेळी थोडे उघडे) आले की एकचे टॅपेट मोकळे, ते सेट कर, मग दोन ओव्हरलॅपला आण, पाचचे सेट कर, असं पुढे. मी विचारलं हे बीएमडब्ल्यूचं तुम्हाला कसं माहीत, तर तुम्ही बाहेरच्या ट्रककडे मान हलवली. टाटाचं ६९७ इंजिन, पावणेसहा लिटरचं डिझेल, सहा सिलिंडर, ऑर्डर तीच. जर्मनीतली असो की जमशेदपूरची, सरळ सहाचं गणित एकच. अख्खी जिंदगी तुम्ही हेच करून राहिले आणि आम्ही गाड्यांचे शौकीन स्वतःला शहाणे समजतो.

फक्त एका ठिकाणी तुम्ही अडलात, ट्रकमधे स्क्रू आणि लॉकनट असतो, इथे रॉकरच्या (वाल्व दाबणाऱ्या हाताच्या) टोकाला एक छोटी चकती असते, मधोमध न बसवलेली, तिला भोक, त्यात वाकडी तार घालून ती फिरवायची आणि मग नट कसायचा. कंपनीचा टूल तुमच्याकडे नव्हता. तुम्ही पोराला सायकलच्या दुकानात पाठवलं, स्पोक आणला, पकडीने वाकवला, आणि बाराच्या बारा रॉकर त्या स्पोकने सेट झाले. फिलर गेजचं (फट मोजायच्या पट्टीचं) पान सरकवताना तुम्ही माझा हात धरून मला ओढायला लावलं, "असं अडखळलं पाहिजे, अटकलं नाय पाहिजे." तो स्पोक माझ्या टूलबॉक्समधे आहे, परत देणार नाही.

आयडलचं तर सांगायचंच राहिलं. या गाडीत बॉशचं एल-जेट्रॉनिक इंजेक्शन आहे, आत येणारी हवा एक पापुद्रा ढकलते आणि तो किती ढकलला गेला त्यावरून पेट्रोल किती मारायचं ते ठरतं. हवा मोजणाऱ्या डब्याच्या नंतर कुठे फट असली की न मोजलेली हवा आत जाते आणि गाडी बावचळते. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्या तुम्ही फार केलेल्या नाहीत असं तुम्हीच म्हणाले होते, तरी पाण्याची बाटली घेऊन रबराच्या जाड पाइपवर थोडं थोडं पाणी मारत गेलात आणि एका जागी इंजिनाचा सूर बदलला. खालच्या बाजूने, घडीत, जिथे डोळा जात नाही तिथे चीर. आपल्या उन्हात रबर किती टिकणार.

मला सगळ्यात जास्त आवडायचं ते काम झाल्यावरचं बसणं. तर्री पोहे मागवायचे आणि तुम्ही विचारायचे, हं सांग, बाहेर देशात अजून कोणी बनवलं सहावालं. मी फोनवर मर्सिडीज ३०० एसएल दाखवली, १९५४ ची, दरवाजे वर उघडणारी, म्हटलं याचं इंजिन ५० अंश आडवं पाडलंय. तुम्ही दरवाजांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "बोनेट खाली पायजे होतं त्यायले." बरोबर, तेच कारण, आणि माझ्या गाडीचं ३० अंश कललेलं का असतं हे पण तेव्हाच कळलं. जॅग्वारच्या एक्सके इंजिनाने ५० च्या दशकात पाच वेळा ले मान्सची २४ तासांची रेस जिंकून दिली हे सांगितलं तर तुम्ही म्हणाले २४ तास? आपला ड्रायव्हर माल भरून कलकत्त्याला जाते तवा काय वेगळं करते. १९६९ ची निसान स्कायलाइन जीटी-आर, टोयोटाचं २जेझेड इंजिन ज्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) पण ८६ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) पण ८६, सगळं ऐकलंत, पण डोळे चमकले ते याच गाडीच्या थोरल्या भावावर. याच ई२८ मधे बीएमडब्ल्यूने एम१ सुपरकारचं इंजिन घातलं, ३४५३ सीसी, चोवीस वाल्व, २८६ पीएस, आणि पहिली एम५ झाली. तुम्ही हळूच विचारलं, "चोवीस टॅपेट?" हो काका, चोवीस. "मंग पहाट पुरत नाय."

एकदा मी विचारलं होतं की सहामधे असं काय आहे जे चारमधे नाही. तुम्ही पुस्तकी उत्तर दिलं नाही, एका चहाच्या पेल्यात पाणी घेऊन ट्रकच्या इंजिनवर ठेवलं आणि मग शेजारच्या चार सिलिंडरवाल्या पिकअपच्या. मी घरी येऊन कारण वाचलं. १ आणि ६ सोबत वर-खाली होतात, २-५ सोबत, ३-४ सोबत, आणि या तीन जोड्या क्रँकवर (पिस्टन फिरवतात त्या दांड्यावर) १२० अंशांच्या अंतराने, त्यामुळे एका जोडीचा धक्का बाकीच्या दोन खाऊन टाकतात. चार सिलिंडरमधे कनेक्टिंग रॉड तिरपा होतो म्हणून पिस्टन वरच्या अर्ध्यात जोरात आणि खालच्या अर्ध्यात हळू जातो, चौघांचा मिळून तो फरक क्रँकच्या दुप्पट वेगाने थरथर देतो, म्हणून मोठ्या चारला वेगळी बॅलन्स शाफ्ट लावावी लागते. आणि सहामधे दर १२० अंशांना एक स्फोट, पहिल्याचा जोर ओसरायच्या आत दुसरा तयार. मधे मर्सिडीजने लांबी वाचवायला ९० च्या दशकात सरळ सहा सोडून व्ही६ धरलं, आणि २०१७ मधे परत सरळ सहावर आले. तुम्हाला सांगितलं तर म्हणाले, "येतीन नाय तं कुठी जातीन."

पैशाचं बोलायचं नाही असं तुम्ही बजावलंय पण मी बोलणार. तुम्ही मजुरी एवढी कमी लावली की मला लाज वाटली, जास्त दिले तर परत खिशात कोंबले. निदान एवढं तरी ऐका, तुमच्याकडे जो पोरगा शिकून राहिला आहे त्याच्यासाठी मी एक चांगला टॉर्क रेंच आणि फिलर गेजचा सेट घेऊन ठेवलाय, ते त्याला देईन, तुम्हाला नाही, म्हणजे तुम्ही नाही म्हणू शकत नाही.

आणि एक तक्रार. एवढं सगळं केलं पण गाडी तुम्ही फक्त चौकापर्यंत चालवलीत, तीही दुसऱ्या गिअरमधे, कान बाहेर काढून. हे चालणार नाही. उन्हाळा उतरला की एका रविवारी सकाळी मनसरवरून रामटेकला जाऊ, गडाच्या चढावर गाडी तुमच्या हातात, मी बाजूला बसतो. काकूंना विचारून तारीख कळवा, नातवाला पण घ्या, मागे जागा आहे. आणि त्या फॅन क्लचचा आवाज मला जरा वेगळा वाटून राहिला आहे, जाता जाता तो पण ऐकून घ्या.