बाबांची यादी आणि आईची स्क्रीन

तीर्थरूप आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेली कॉम्प्युटरच्या पार्टची यादी नीट वाचली. वर लिहिलेली रक्कमही पाहिली. फोनवर बोलताना ही नावं आणि आकडे इकडचे तिकडे होतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. समोर ठेवून एकेक ओळ ताडून बघता येईल. तुमच्या रकमेच्या बाहेर मी जाणार नाही. पण तुमचे पैसे जिथे लागायला हवेत तिथे लागत नाहीयेत, एवढंच मला सांगायचंय.

पहिली ओळ प्रोसेसरची, म्हणजे हिशेब करणाऱ्या मुख्य चिपची: आय५-१२४००एफ. त्या शेवटच्या एफकडे बघा. इंटेलच्या प्रोसेसरला एफ लागला की त्यात आतली ग्राफिक्स नसते. मग स्क्रीनवर काही दिसायचं तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लावावंच लागतं. म्हणून यादीत कार्ड आलं. कार्ड आलं म्हणून पाचशे वॅटचा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, आला. तोवर रक्कम संपत आली, म्हणून एसएमपीएस बिननावाचा निघाला आणि हार्ड डिस्क 'आहे तीच चालेल' म्हणून राहिली. एका अक्षराने सगळा हिशेब फिरवला. ज्यांनी ही यादी करून दिली त्यांनी मनापासूनच दिली असणार, आणि गेम खेळणाऱ्या मुलासाठी ती चांगलीही आहे. तुम्ही दोघं फोटो स्कॅन करता, बँकेची कामं करता, मराठीत लिहिता, आमच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलता. यातल्या एकाही कामाला ते कार्ड लागत नाही.

मागे मी तुम्हाला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायला लावलं होतं. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरच्या रकान्यात आकडा दहा-बारा टक्क्यांच्या आसपास हलत होता, आणि डिस्कचा रकाना शंभर टक्क्यांवर जाऊन तिथेच थांबला होता. तुम्ही ब्राउझर उघडलात तरी प्रोसेसर निवांतच. म्हणजे तुमचं मशीन हिशेब करण्यात मागे पडत नाहीये, ते डिस्कची वाट बघत थांबतंय. अशा मशीनला दुप्पट ताकदीचा प्रोसेसर दिला तर तोही तसाच थांबून राहील.

का थांबतं तेही सांगते, कारण तुम्हाला कारण कळल्याशिवाय पटत नाही आणि मला ते आवडतं. हार्ड डिस्कमधल्या तबकड्या मिनिटाला ७२०० फेरे घेतात. म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंदांहून थोडं जास्त. वाचणारं हेड आधी योग्य वर्तुळावर सरकणार, मग हवी ती जागा फिरत त्याच्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबणार. सगळं मिळून १२-१३ मिलिसेकंद जातात. त्या हिशेबाने सेकंदाला शंभर वेगवेगळ्या जागाही वाचून होत नाहीत, आणि विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली डिस्कच्या कानाकोपऱ्यांतून मागत असते. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं-सरकणारं काहीच नसतं. तिथे तीच जागा ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास सापडते. म्हणून यादीत सगळ्यात वर एसएसडी हवी, आणि तुमच्या यादीत ती कुठेच नाही.

'मग नुसती एसएसडी टाकू, बाकी जुनं राहू दे' असं तुम्ही म्हणाल. काही वर्षांपूर्वी मीही तेच सुचवलं असतं. आता अडचण वेगळी आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनच विंडोज ११ च्या यादीत आहेत. तुमचा चौथ्या पिढीचा, २०१३ च्या सुमाराचा. आडवाटेने विंडोज ११ जुन्या मशीनवर चढवता येते, पण ज्या मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकता तिथे मला आडवाट नको. विंडोजऐवजी लिनक्स मिंटचाही विचार केला. फुकट आहे, जुन्या मशीनवर छान चालते. पण तुमचा हिशेबाचा प्रोग्रॅम आणि स्कॅनरचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, आणि या वयात तुमची हाताला बसलेली सवय मोडावी असं मला वाटत नाही.

तेव्हा प्रोसेसर बदलायचा. तो बदलला की मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी, बदलतो, कारण प्रोसेसर बसायचं सॉकेट वेगळं. मदरबोर्ड बदलला की रॅमही (चालू काम धरून ठेवणारी मेमरी), कारण तुमची जुन्या पिढीची, डीडीआर३ आहे आणि तिची खाचच वेगळ्या जागी असते. नव्या बोर्डात ती बसतच नाही. ही तिन्ही एकदमच घ्यावी लागतात. म्हणून जुन्या बोर्डासाठी आत्ता जास्तीची रॅम घेऊ नका, पुढे ती कशातच लागणार नाही.

माझी निवड आय३-१२१००, एफ नसलेला. २०२२ च्या सुरुवातीला आला, ४ कोअर (हिशेब करणारे भाग) आणि ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आहेत, ग्राफिक्स आतच आहे आणि खोक्यात पंखाही मिळतो. आय३ म्हटलं की कमी वाटतं, पण तुमच्या आत्ताच्या आय५ पेक्षा हा बराच पुढचा आहे. आय३ की आय५ हा आकडा पिढीशी जोडून वाचायचा असतो. त्याला एच६१० चिपसेटचा मदरबोर्ड. खोक्यावर डीडीआर४ लिहिलंय ना, हे डोळ्यांनी बघून घ्या, कारण एच६१० याच नावाने डीडीआर५ चे बोर्डही मिळतात. एनव्हीएमई, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या वेगवान जातीच्या, एसएसडीसाठी एम.२ चा स्लॉट आहे ना, तेही. एएमडीचा रायझन ५ ५६००जी स्वस्तात जुळत असेल तर तोही चालेल. त्याच्या नावातला जी म्हणजे ग्राफिक्स आत आहे. मात्र त्याच्यासोबतचा बोर्ड जुन्या साठ्यातला असला तर आधी बायोस, म्हणजे बोर्डातला मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम, अपडेट करावं लागतं, नाहीतर मशीन सुरूच होत नाही. ते करून मिळणार असेल तरच घ्या.

एसएसडी ५०० जीबीची पुरे. एनव्हीएमई आणि साटा ही जुनी जात यांच्या वेगात कागदावर मोठा फरक दिसतो, साटा सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास अडते आणि एनव्हीएमई कितीतरी पुढे जाते. तुमच्या कामात तो जाणवणार नाही. जी हमीसकट स्वस्त मिळेल ती.

रॅमचं जरा अवघड झालंय. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून, २०२५ च्या अखेरीपासून, रॅम बरीच महागली. ८ जीबीच्या दोन स्टिक घ्याव्यात असं माझं म्हणणं, कारण दोन असल्या की मेमरीचे दोन्ही मार्ग वापरले जातात आणि आतली ग्राफिक्स त्याच मेमरीवर जगते. रक्कम ताणली जात असेल तर आत्ता एकच घ्या, दुसरी नंतर टाकता येते. एवढ्या एकाच गोष्टीत वापरलेला माल घ्यायला माझी हरकत नाही. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला आणि एकही चूक निघाली नाही, तर स्टिक चांगली समजायची. एसएसडी आणि एसएमपीएस मात्र कोणी फुकट दिले तरी वापरलेले नकोत.

एसएमपीएसवर थोडं जास्त लिहिते, कारण काटकसर नेहमी इथेच होते आणि मला काळजीही याचीच वाटते. बाकीचा पार्ट गेला तर तेवढाच जातो. एसएमपीएस वाईट तऱ्हेने गेला तर बोर्ड, डिस्क, सगळं घेऊन जाऊ शकतो. तुमच्या यादीत नुसतं 'पाचशे वॅट' लिहिलंय. घेताना बाजूवरचं स्टिकर वाचा. त्यात १२ व्होल्टची ओळ असते, तिच्यापुढे अँपिअर लिहिलेले असतात, दोन्हींचा गुणाकार करा. १२ व्होल्टला ३० अँपिअर असतील तर ३६० वॅट झाले, वर मोठ्या अक्षरात पाचशे का लिहिलेले असेनात. आजकालचं मशीन जवळजवळ सगळी वीज त्या १२ व्होल्टवरूनच घेतं, म्हणून खरा आकडा तो. ८० प्लसचा शिक्का चांगला, पण तो फक्त वीज किती वाया जात नाही ते सांगतो: २०, ५० आणि १०० टक्के भारावर कार्यक्षमता किमान ८० टक्के. व्होल्टेज चढलं किंवा शॉर्ट झालं तर बंद पडण्याची सोय आहे का, हे त्या शिक्क्यावरून कळत नाही, ते वेगळं वाचावं लागतं. ग्राफिक्स कार्ड नसलेलं तुमचं मशीन पूर्ण जोर लावला तरी शंभर-सव्वाशे वॅटच्या आसपासच राहील. त्यामुळे चांगल्या कंपनीचा, लांब हमीचा ४५० वॅटचा घ्या. जुना एसएमपीएस स्क्रूड्रायव्हरने उघडून बघायचा मोह होईल तुम्हाला, बाबा. तो मात्र उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतले कपॅसिटर विजेचा चार्ज धरून असतात, झटका बसू शकतो.

कॅबिनेट, कीबोर्ड, माउस जुनेच राहू देत. तुमचं मशीन असेंबल केलेलं आहे, आणि एटीएक्स हे बोर्ड आणि कॅबिनेटचं ठरलेलं माप १९९५ पासून चालत आलंय, त्यामुळे नव्या बोर्डाची भोकं जुन्या कॅबिनेटला जुळतील. कंपनीचा वापरलेला ऑफिस डेस्कटॉप घ्यावा का, असं तुम्ही विचारलं होतंत. आठव्या पिढीच्या पुढचा असेल तर पर्याय वाईट नाही, पण अनेकांचा एसएमपीएस आणि बोर्ड त्या कंपनीच्याच मापाचे असतात, आणि मग पुढची दुरुस्ती तुमच्या हातात राहत नाही.

आई, आता तुझ्याशी बोलते. कार्ड वगळल्यावर जी रक्कम उरते, ती मला स्क्रीनवर लावायची आहे, आणि कमी पडेल ते मी घालणार. यावर वाद नको. तुमच्या मॉनिटरवर १३६६ बाय ७६८ एवढेच ठिपके आहेत आणि त्याचा पॅनेल टीएन जातीचा आहे. म्हणून व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं शेजारी बसता तेव्हा बाजूला बसलेल्याला चेहरे काळपट दिसतात. तू दरवेळी म्हणतेस, 'माझ्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही.' डोळे दाखवूच आपण, पण सगळा दोष त्यांचा नाही गं. २४ इंची, १९२० बाय १०८०, आयपीएस पॅनेलचा मॉनिटर घेऊ. तिरकं बसलं तरी रंग तसेच दिसतात. विंडोजमध्ये स्केल १२५ टक्के केलं की अक्षरं मोठी होतात आणि तरी रेखीव राहतात. उंची कमी-जास्त होणारा स्टँड असलेलाच घे, म्हणजे चष्म्याच्या खालच्या भागातून वाचताना मान वर करून बसावं लागणार नाही. सगळ्या यादीत एकाच गोष्टीवर थोडे जास्त पैसे घालायचे झाले तर मी ते यावर घालेन. प्रोसेसर काय आहे हे तुला कधी जाणवणारही नाही, स्क्रीनकडे तू रोज दोन-तीन तास बघतेस.

बाबा, बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते ते व्हायरसमुळे नाही. खालच्या कोपऱ्यातली तारीख बघा, काही वर्षं मागची असेल. बोर्डावर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं, आणि मग साइटचं प्रमाणपत्र मशीनला चुकीच्या तारखेचं वाटतं. तोवर तारीख हाताने लावून घ्या. नव्या बोर्डाबरोबर नवा सेल येईलच.

आणि हे सगळं घेण्याआधी एक काम. डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा छोटा फुकट प्रोग्रॅम आहे, तो चालवा. वर निळ्या रंगात 'गुड' दिसलं तर ठीक. पिवळ्यात 'कॉशन' दिसलं किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर शून्य सोडून काही असलं, तर त्याच दिवशी फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवा. आजीचे स्कॅन केलेले फोटो जगात फक्त त्या एका तबकडीवर आहेत. प्रोसेसर परत विकत मिळतो. ते फोटो उतरवताना तुमचे मराठी लेखही घ्या, आणि सोबत फॉन्टचं फोल्डर. जुने लेख युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाहीत. तो फॉन्ट नव्या मशीनवर नसला तर पानभर नुसती चिन्हं दिसतील.

ऑर्डर अजून देऊ नका. आधी मला जुन्या एसएमपीएसच्या स्टिकरचा, कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा आणि झाकण काढल्यावर आतून दिसणाऱ्या बोर्डाचा असे तीन फोटो पाठवा. झाकण काढताना मशीनचा प्लग काढलेला असू द्या. जोडणी आपण दोघं मिळून करू, मी येते तेव्हा. जुन्या बोर्डाखालच्या पितळी खुंट्यांपैकी एखादी नव्या बोर्डाच्या भोकाशी जुळत नसेल तर ती काढायची असते, नाहीतर बोर्ड मागून शॉर्ट होतो. ती मला तुमच्याबरोबर बसून तपासायची आहे.

दोघांनी तब्येतीला जपा.

तुमची,
लेक

ता. क. बाबा, यादीत विंडोजच्या लायसन्सची ओळ घाला. मशीनसोबत आलेलं लायसन्स बहुधा जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, नव्यावर ते चालेलच असं नाही. त्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवा. आणि कोणी अगदी स्वस्तात नुसता नंबर विकत असेल तर तो घेऊ नका.