जुनी माणसं दाराशी येतात तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नारायण पेठेतला आमचा वाडा दिवाळीनंतर पाडणार आहेत. त्याआधी हे लिहून टाकावंसं वाटलं.

काही वर्षांपूर्वी एक बाई मुलाला घेऊन आल्या होत्या. "माझं पहिलं बाळंतपण या वाड्यात झालं, दोन मिनिटं आत येऊ का?" घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यात शेजाऱ्यांनी बजावलेलं, जुन्या भाडेकरूला आत घेऊ नका, उद्या हक्क सांगेल. मी "आत्ता नको" म्हणाले. त्या परत कधी आल्या नाहीत. ते मला आजही टोचतं. नुसती खोली पाहून गेल्याने कुणाचा हक्क लागत नाही, एवढंही तेव्हा सुचलं नाही.

म्हणून गेल्या श्रावणात पंच्याहत्तरीचे एक आजोबा नातीचा हात धरून आले, तेव्हा त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, विहीर कुठे होती ते विचारलं. विहीर केव्हाच बुजवली आहे, पण त्यांनी बरोबर जागा दाखवली. मग आत नेलं.

आज जिथे माझं स्वयंपाकघर आहे, तिथे त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पुण्यात पूर आला आणि सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीकडे पळाले. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतात तर खोलीत गुडघाभर चिखल. भांडी, ट्रंका, देव्हारा, काही उरलं नव्हतं. जातं तेवढं जड, म्हणून जागेवर राहिलेलं. पुढे गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत जागा मिळाली आणि जातं इथेच राहिलं.

हे सांगत ते चौकात आले आणि तुळशीपाशी थबकले. कुंडीखालच्या दगडाच्या कडेला खुंट्याचं भोक आहे. त्यात त्यांनी बोट घातलं. "आईचं जातं," म्हणाले आणि तिथेच खाली बसले. बत्तीस वर्षं मी त्या दगडापाशी दिवा लावते आहे. तो कुणाचा, हे मला त्या दिवशी कळलं.

घेऊन जा म्हटलं, तर म्हणाले, राहू दे, तुळस आहे त्यावर.

पेठांतले वाडे एकामागून एक पडत आहेत. मालकांना माझी कळकळीची विनंती आहे, पाडकामाआधी एक रविवार दार उघडं ठेवा. तशी पाटी चार दिवस आधी दारावर लावा. घरात एक-दोन माणसं हजर ठेवा, मौल्यवान वस्तू कुलपात घाला, पण येणाऱ्याला दारातून परत पाठवू नका. आम्ही दसऱ्याआधीचा रविवार ठरवला आहे. त्या बाईंनीही यावं.

आजोबांचा फोन नंबर घ्यायचा राहिला. त्यांच्या घरी कुणी हे वाचलं तर कृपया निरोप द्यावा. तुळस दुसऱ्या कुंडीत लावली आहे. दगड धुऊन ओट्यावर ठेवला आहे.

आपली,
एक वाचक,
नारायण पेठ, पुणे ३०