लिलाव नको, एकच सामना

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

ग्रुपवरचा तुझा मेसेज वाचला, आपल्या कबड्डीच्या सामन्याच्या जागी मोठी स्पर्धा घेऊया म्हणून. चष्मा पुसून परत वाचला. सहा संघ, संघमालक, खेळाडूंचा लिलाव, मॅट, फ्लडलाइट, यूट्यूबवर लाइव्ह, पहिलं बक्षीस एक लाख. खाली पोरांनी धडाधड अंगठे टाकलेत. तुझ्या काकानं तर दोन टाकलेत, एक चुकून असेल. फोनवर हा विषय होत नाही. तू 'बाबा, मीटिंग आहे' म्हणतोस आणि तोवर माझा आवाज चढलेला असतो. म्हणून लिहितोय. मंडळाचा खजिनदार म्हणून माझं मत 'नको' असं आहे. बाप म्हणून जे आहे ते लिहिता लिहिता येईल.

अपघातात गेलेल्या आपल्या दोन गड्यांच्या आठवणीत आपण आणि बैलहोंगलकडची मंडळी दरवर्षी खेळतो, तो यंदाचा सामना आधी सांगतो, कारण तू नव्हतास. सुटी मिळाली नाही म्हणालास, बरं.

मैदान शाळेमागंच केलं. मॅट भाड्यानं आणायचं या वेळीही निघालं होतं, पण पोरांनीच माती धरली. दोन ट्रॉली लाल माती ओढ्याकडून आणली, चाळली, पाणी मारून रोलर फिरवला. गेल्या खेपेला त्यांच्या चढाईवाल्याचा गुडघा खड्यानं फाटला होता, म्हणून यंदा शाळेतली लहान पोरं ओळीनं बसून हातानं खडे वेचत होती. 13 बाय 10 मीटरची दोरी लावली, फक्की ओढली आणि चुन्याच्या हातानंच सगळ्यांनी चहा घेतला.

बैलहोंगलकडची मंडळी टेम्पोनं साडेनऊला आली. त्यांच्या बायका मात्र बसनं. कर्नाटक सरकारची बायकांना फुकट बसची 'शक्ती' योजना आल्यापासून, म्हणजे जून 2023 पासून, त्यांना तिकीट नाही, त्यामुळं दरवर्षी दोन-चार जणी वाढतातच. आपली चंदगडची आत्याही आली. ती एसटीत महाराष्ट्रापुरती अर्ध्या तिकिटात बसते, हद्द ओलांडली की पूर्ण मोजते आणि मग सामना संपेपर्यंत मला ऐकवते, जसा मी अजून कंडक्टरच आहे. त्यांनी नेहमीप्रमाणं ज्वारीच्या कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगाचटणी आणली होती. आपल्याकडून आमटी-भात आणि शिरा. दर दोन मिनिटाला कोणीतरी 'ऊट आत्री?', म्हणजे जेवण झालं का, विचारतंय, कोणीतरी 'व्हय, झालं झालं' म्हणतंय. 1 नोव्हेंबरला आपल्याकडं सीमाभाग कर्नाटकात गेल्याचा काळा दिन आणि त्यांच्याकडं राज्योत्सव, 1956 पासूनचं आहे ते आहेच. पण त्या दिवशी ते कोणी काढत नाही. तसा ठराव वगैरे केलेला नाही. एका पंगतीत बसल्यावर काढणार कोण?

पहिल्या दोन चढाया त्या दोघांसाठी रिकाम्याच गेल्या, तुला माहीत आहे तशा. त्यांचा गडी आला, निदान रेषा ओलांडली, परत गेला. आपल्या कोणी हात लावला नाही. मग आपला गेला, तसाच आला. दोन मिनिटं स्तब्धता पहिल्या वर्षी करून बघितली होती. लहान पोरं रडतात, चणेवाल्याचा माप आपटायचा आवाज येतो, कोणाचा तरी मोबाइल वाजतो. त्यापेक्षा हे बरं.

तिसऱ्या चढाईपासून मात्र जीव खाऊन खेळले. डाव्या कोपऱ्यात यंदा दहावीतला पोरगा होता. अंगानं काडी, त्याला घ्यायला मीच विरोध केला होता. त्यांचा उंच चढाईवाला बोनसला आला, पाय लांबवला, आणि या पोरानं पोट जमिनीला लावून घोटा असा धरला की तो मधल्या रेषेकडं हात पसरून वीतभर अलीकडं आडवा झाला. तरी घासटत निघालाच असता, कारण वरून दाबायला उजवा कोपरा वेळेवर पोचत नव्हता. मधला गडी धावला म्हणून पकड झाली. पोरगा उठला तेव्हा दातांत माती, कानांत माती, आणि पहिलं काय बघितलं तर आपल्या आईकडं. मध्यंतरात त्यांचा तोच चढाईवाला माझ्याजवळ पाणी प्यायला आला आणि म्हणाला, 'काका, तुमचा उजवा कोपरा पुण्याहून कधी येऊलाय? तिकडून घुसायला आता भीतीच वाटत नाही.' तुझं नाव नाही घेतलं, पण बोट तिकडंच होतं. 31–28 नं हरलो.

आता तुझ्या लिलावाचं.

अपघाताच्या रात्री तू पुढच्या गाडीवर होतास, मागं काय झालं ते तुला नंतर कळलं. मला मात्र बैलहोंगलकडच्या टेम्पोवाल्या अण्णाकडून सगळं ऐकायला मिळालं आहे, आणि तू ते कधी विचारलं नाहीस. म्हणून एकदाच लिहितो. पाटणे फाट्याकडची स्पर्धा संपली, तुम्ही उपांत्य फेरीत त्यांच्याकडूनच हरलात, भांडणही झालं होतं थोडं. शिनोळी सोडून बाचीकडं येताना उसाची जोड-ट्रॉली टायर काढून रस्त्यात उभी होती. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधी झाडाची फांदीसुद्धा टाकलेली नाही. मागच्या गाडीवरचे आपले दोघे तिच्यावर आदळले. मी सगळी नोकरी त्या रस्त्यावर काढली. हंगामात रात्री अशी ट्रॉली पुढ्यात येईपर्यंत दिसत नाही. ऊस काळा, ट्रॉली मातीनं माखलेली, आणि समोरून एखादा दिवे न पाडता आला की संपलंच. आमचा ड्रायव्हर डिसेंबर ते फेब्रुवारी त्या पट्ट्यात गाडी तिसऱ्या गिअरच्या वर नेत नसे आणि प्रवासी त्याला शिव्या घालत.

अॅम्ब्युलन्सला फोन लागला तो कुठल्या राज्यात लागला हेच कळेना, तिकडून हद्द विचारत होते. मागून बैलहोंगलकडच्यांचा टेम्पो आला. ज्यांच्याशी दोन तासांपूर्वी गचांडी धरली होती त्याच पोरांनी आपल्या दोघांना उचललं. कोणीतरी म्हणालं, पोलिसांचं झेंगट मागं लागेल. अण्णा म्हणाला, लागू दे. एकाचा श्वास सुळग्याच्या अलीकडंच थांबला. दुसऱ्यानं तीन दिवस काढले. त्या तिन्ही दिवशी त्यांच्यातले दोघे दवाखान्याच्या पायरीवर बसून होते, रक्त देऊन आलेले, आपली भाषा धड येत नाही आणि तरी तुझ्या आईला 'अक्का, चहा घ्या' म्हणत होते.

तर आता सांग, लिलावात हा संघ कुठं बसवणार? त्यांच्यावर बोली कोण लावणार? सहा संघांच्या स्पर्धेत ते एक संघ होतील, पहिल्या फेरीत हरून संध्याकाळच्या आत परत जातील, आणि पुढच्या वर्षी कशाला येतील? हा सामना या दोन गावांचा आहे. तिसरं कोणी आलं तर बघायला यावं, जेवावं, पावती फाडावी.

दुसरं, डीजे. लिलाव आला की डीजे येतो, तू नाही म्हणालास तरी येतो. आपल्या गेलेल्या चढाईवाल्याची आई पहिल्याच वर्षी मंडळात येऊन उभ्या उभ्या बोलली होती, 'माझ्या पोराच्या नावानं नाचू नका, बाकी काय पण करा.' ती बसलीही नाही. तेव्हा तूही तिथं होतास.

फ्लेक्सचं तर बोलूच नको. कुठल्या भाषेत किती मोठी अक्षरं, कोणाचा फोटो वर, कोणाचा खाली, आणि कोणत्या पुढाऱ्याला राग आला. आपण फ्लेक्सच लावत नाही. त्या दोघांची 4 नंबर आणि 9 नंबरची जर्सी खांबाला असते, तेवढं सगळ्या भाषांत वाचता येतं.

आणि हिशेब. मॅटचं भाडं, दिवे, जनरेटर, पंचांचं मानधन, सहा संघांचं राहणं-जेवण, चषक, लाखाचं बक्षीस, लाइव्हवाला. मी वहीत उभं मांडून बघितलं. देणगी कितीही आली तरी ती स्पर्धाच खाऊन टाकते. शेवटी धर्मादायाला उरतो तो स्मृतिचिन्हाचा पुठ्ठा. आत्ता मी गळ्यात जुनी कंडक्टरची पिशवी अडकवून फिरतो, 20 रुपयांची पावती फाडतो, सुटे पैसे परत देतो, आणि जेवणाचं सामान लोकच देत असल्यामुळं आलेला पैसा जवळजवळ सगळा शिल्लक राहतो. पिशवी घेऊन समोर उभा राहिलो की लोक सवयीनंच खिशात हात घालतात, हा माझा फायदा.

त्या पैशाचं काय झालं तेही लिहितो, कारण मेसेजमध्ये तू 'काहीतरी ठोस करूया' असं लिहिलंस ते मला लागलं. आपल्या गेलेल्या डाव्या कोपऱ्याच्या बहिणीचं नर्सिंग या वर्षी पुरं होतंय. अपघाताच्या भरपाईचा दावा लावायला कोल्हापूरकडं खेटे घालावे लागतील म्हणून त्यांचे घरचे गप्प बसले होते. आपण वकिलाचे पैसे भरले तेव्हा कळलं की नातेवाईक राहतात तिथल्या न्यायाधिकरणातही दावा चालतो, म्हणजे बेळगावातच. हेल्मेटं घेतली, आयएसआय शिक्क्याची, मागं बसणाऱ्यालाही. कर्नाटकात जानेवारी 2016 पासून मागच्याला सक्ती आहे, पण गावात कोण घालतंय? शिबिराला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं की हेल्मेटनं मरणाचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागण्याचा 69 टक्क्यांनी कमी होतो. पोरांनी ऐकून घेतलं. खरं काम केलं ते त्या चढाईवाल्याच्या आईनं. ती फाट्यावर उभी राहून बिनहेल्मेटचा दिसला की गाडीची किल्लीच काढून घेते. तिला कोण काय बोलणार?

त्याच शिबिरात छातीवर दाब द्यायचं शिकवलं, मिनिटाला 100 ते 120, पाच सेंटिमीटर खोल. आपल्या पैलवान गड्यांनी पहिल्या फटक्याला पुतळ्याची स्प्रिंगच बसवली. आणि अण्णाला जी भीती दुसऱ्यांनी घातली होती तिचंही समजलं. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 134-अ कलम आलंय. अपघातातल्या माणसाला मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, नाव सांगायची सक्ती करता येत नाही. मे 2025 पासून तर केंद्राची योजना आहे, सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार पैसे न भरता. हे सगळं एका कागदावर मराठी आणि कन्नडमध्ये छापून दोन्ही गावांतल्या टेम्पो-ट्रॅक्टरवाल्यांना दिलं.

पण मला विचारशील तर खरा सामना संध्याकाळी असतो. यंदा जेवून, जर्सी न बदलता, दोन्ही संघ कारखान्याच्या गेटवर गेले. बाहेर ट्रॉल्यांची रांग, बैलगाड्या, बीडकडच्या तोडणीवाल्यांच्या शेकोट्या. डिझेलच्या बोळ्यानं ट्रॉलीचा पत्रा पुसायचा, नाहीतर रेडियमची चमकणारी पट्टी चिकटत नाही. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. बैलगाडीला जुवावर एक आणि मागच्या आडव्या लाकडावर दोन पट्ट्या. एक तोडणीवाली बाई म्हणाली, पोरांच्या पाळण्याला पण लावा, तो गाडीलाच बांधलेला असतो. लावली. एका ट्रॅक्टरमालकानं आधी कटकट केली, रंग खराब होतो म्हणून. दहावीतल्या त्या पोरानं त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि पट्टी लावली. रात्री मोबाइलचा दिवा मारून रांग तपासत गेलो तर जिकडं बघावं तिकडं लाल.

तुझ्या मेसेजमधली एक गोष्ट मला पटली. पुण्या-मुंबईत, गोव्यात गेलेल्यांना पैसे द्यायचे असतात आणि माझी पिशवी तिथवर पोचत नाही. तेव्हा मंडळाच्या खात्याचा क्यूआर तू करून दे, पावती ऑनलाइन निघेल असं बघ, हिशेब दर महिन्याला ग्रुपवर टाकायचं मी कबूल करतो. लाइव्हही दाखव हवं तर, एकच सामना दाखव. बोलायला त्यांच्यातला एक घे, नाहीतर आपला समालोचक त्यांचे गुण सांगायलाच विसरतो.

संक्रांतीला मंडळाची बैठक आहे. मत द्यायचं असेल तर समोर येऊन दे, अंगठा टाकून नाही. तुझे जुने बूट आईनं धुऊन माळ्यावर ठेवलेत. मातीवर अनवाणीच खेळायचं असतं हे तिला कितीदा सांगितलं तरी कळत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आपण त्यांच्या गावी जाणार आहोत, तिकडच्या ट्रॅक्टरांना पट्ट्या लावायच्या राहिल्यात. अण्णाही असेल. त्याला तुला काही विचारायचं नाही, फक्त बघायचं आहे म्हणाला.

येताना नाना पेठेतून रेडियमचे रोल घेऊन ये. तिथं गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत इथल्यापेक्षा स्वस्त मिळतात म्हणे. लाल जास्त आण, पांढरा शिल्लक आहे. बिल मंडळाच्या नावानं घे, विसरू नको.

तुझे बाबा

ता.क. आई विचारतेय, तिळगूळ करून ठेवू का तू आल्यावर करू. आल्यावर म्हणजे तुलाच तीळ निवडावे लागतील.