खोडलेल्या आकड्याबद्दल आभार

आदरणीय महोदया,

सादर नमस्कार.

आमच्या वाढत्या वसाहतीला विंधनविहिरींचे पाणी पुरेल का, या प्रश्नावर तुमच्याआधी ज्यांनी ज्यांनी मत दिले, त्यांच्यापैकी कोणीही पाण्याची पातळी मोजली नव्हती. पंपाची धार पाहून ‘भरपूर आहे’ म्हणायचे आणि तीच धार बारीक झाली की आणखी एक विहीर खोदायला सांगायचे, एवढाच त्यांचा सल्ला. जवळजवळच्या दोन विहिरी एकाच जलधरातून, म्हणजे जमिनीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या थरातून, उपसा करत असतील तर त्या एकमेकींची पातळी खाली ओढतात, हे कोणी सांगितले नाही. जाडजूड अहवाल मात्र सर्वांनी दिले.

तुम्ही आल्या आल्या पंप थांबवायला लावलेत. उपसा चालू असतानाची पातळी आणि पाणी पुन्हा वर चढून स्थिरावल्यानंतरची पातळी यांची सरमिसळ केली, तर वर्षभराच्या नोंदींनाही अर्थ उरत नाही, हे तुम्ही समजावलेत. दर वेळी एकाच बिंदूपासून मोजता यावे म्हणून केसिंगच्या, म्हणजे विहिरीत बसवलेल्या नळीच्या, काठावर रंगाने खूण केलीत.

परंतु हे पत्र लिहायला बसलो ते त्यानंतरच्या एका गोष्टीमुळे. तुम्ही पाण्याला टेकताच वाजणारी मोजफीत आत सोडलीत, ती वाजली आणि तुम्ही आकडा लिहिलात. तेव्हा आमचे पंपचालक, ज्यांना आजवर एकाही सल्लागाराने काही विचारले नव्हते, चाचरत म्हणाले की वरच्या भेगेतून पाणी विहिरीच्या भिंतीवर ओघळत असते, त्याचा स्पर्श होऊन फीत आधीच वाजली असेल. तुम्ही फीत पुसून पुन्हा सोडलीत आणि खरी पातळी बरीच खाली निघाली. तुम्ही स्वतःचा आकडा एका रेघेने, वाचता येईल असा खोडलात, शेजारी नवा लिहिलात आणि ‘मोजणी करणारा’ या रकान्यात पंपचालकांचे नाव घातलेत.

जाणत्या माणसाने हाताखालच्याचे म्हणणे पडताळून पाहावे आणि ते खरे निघाल्यास तसे कागदावर मान्य करावे, ही खरे तर साधी सभ्यता आहे. पण तिच्यासाठीही आम्हाला इतकी वर्षे वाट पाहावी लागली, याची चीड अजून गेलेली नाही.

आता मोजणी पंपचालकच करतात, आणि कोणी घाई केली तर पाणी स्थिरावेपर्यंत थांबायलाही लावतात. यंदाच्या उन्हाळ्यातील पातळी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा खाली असल्याचे त्यांनीच दाखवून दिले. त्यावरून आम्ही दोन्ही विहिरींच्या उपशाच्या वेळा वेगळ्या केल्या आणि नव्या नळजोडण्या पावसाळ्यानंतरच्या मोजणीपर्यंत थांबवल्या. धार त्या वेळीही नेहमीइतकीच जाड होती.

आपला कृतज्ञ,
वसाहतीच्या पाणीपुरवठा समितीचा एक सदस्य